रेदुक्तर

११ जानेवारी

ताई,

नमस्कार आधी करून घेतो, कारण पुढे भांडायचं आहे. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन तू या कारखान्यातून सुटलीस ती सुटलीस. वर तीन वर्षांनी साहेबांना पत्र लिहून कळवलंस, "माझा धाकटा भाऊही रशियन शिकला आहे." तेव्हापासून मी तुझ्याच खुर्चीत बसतो आहे. तिचा डावा पाय तेव्हाही डुगडुगायचा का गं?

तुझ्या वेळी तू नुसती भाषांतरं करायचीस. मशिनं रशियाहून आलेली, त्यांचे कागद रशियनमध्ये, आमचे इंजिनिअर शिकले इंग्रजीत, आणि मधल्या मधे आपण. आता साहेबांनी नवीन टूम काढली आहे: कारखान्यातल्या झाडून सगळ्या तांत्रिक शब्दांचा रशियन-इंग्रजी कोश. एका शब्दाला एक कार्ड. आजवर तीन हजार एकशे कार्डं झाली. माझा करार डिसेंबरात संपला, पण कोश पुरा झाल्याशिवाय सुटका नाही म्हणतात. माझी मूळ प्रमाणपत्रं साहेबांच्या कपाटात आहेत, त्यामुळे मी बापडा कुठे जातो?

मला आता नकाशांच्या कोठारावरची खोली दिली आहे. नकाशे गोपनीय, म्हणून वॉचमन सकाळी नऊला मला आत घालून बाहेरून कुलूप लावतो. एक वाजता जेवायला काढतो, साडेपाचला घरी सोडतो. मध्येच चहा हवा असला तर दार वाजवायचं. खिडकीसमोर हातभर अंतरावर बॉयलर हाउसची भिंत. त्या भिंतीवर एक लोखंडी शिडी आहे, ती वरून सुरू होते आणि जमिनीच्या बरीच वर थांबते. कुणी आणि का केली असेल, देव जाणे.

शब्द म्हणशील तर एकेक नमुना. 'मास्लो' म्हणजे लोणीही आणि तेलही. एका जुन्या कागदात चक्क "बेअरिंगला लोणी लावावे" असं आहे. 'क्ल्यूच' म्हणजे किल्लीही आणि पानाही. 'क्रान' म्हणजे तोटीही आणि क्रेनही. मागे कागदात "क्रान बंद करा" होतं, तर लोकांनी क्रेन थांबवली आणि पाणी वाहत राहिलं. आणि चौथा 'रेदुक्तर'. तीन कागदांत तीन अर्थ: गियरबॉक्स, वायूचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, आणि नुसताच 'रिड्यूसर'.

हे चारही शब्द तू तुझ्या वेळी कसे केले होतेस? सवडीने कळव. सासूबाई कशा आहेत?

तुझा,
ठोंब्या

१९ जानेवारी

ठोंब्या,

लोणी लावणारी मी नव्हे. ते माझ्या आधीच्या गृहस्थांचं काम. ते स्वतः भारी लोणी लावायचे, साहेबांना.

मास्लो मशिनला असेल तर तेल, डब्यात असेल तर विचारायचीच गरज नाही. क्ल्यूच फिरवून नट सुटत असेल तर पाना, दार उघडत असेल तर किल्ली. क्रानच्या वेळी मी इंजिनिअरसाहेबांना विचारायला गेले होते. आठ-दहा माणसं उभी होती. ते म्हणाले, "बाई, घरी स्वयंपाकघरात तोटी आहे ना? का क्रेन आहे?" सगळे खो खो हसले. मीही हसले. काय करणार?

सासूबाईंचं अंथरूण काही सुटत नाही. काठीने पलंगाची कड वाजवतात. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलायची, आणि सारखी वाजली म्हणजे मी खिडकीशी फार वेळ उभी आहे. तुझे भावोजी महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. भाजीला जाते तेवढंच काय ते बाहेर, आणि तेही घड्याळ लावून.

पण बातमी आहे. इथल्या भाषासंस्थेत रशियन शिकवायची जागा निघाली होती. मी अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवड झाली! नणंद दुपारी येऊन सासूबाईंपाशी बसायला तयार आहे. जूनपासून रोज दुपारी चार तास. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला "मॅडम, आपण बसा" म्हणालं. मी बसले आणि उठायचंच विसरले.

फक्त एक कागद राहिला. जुन्या नोकरीतलं काम समाधानकारक होतं असं साहेबांच्या सहीचं पत्र हवं. तेवढं तू मिळवून दे. नाही म्हणू नकोस.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

अभिनंदन! भावोजी काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे काय म्हणाले ते मला कळलं.

तू चारपैकी तीनच शब्दांचं लिहिलंस. चौथा राहिला. मी का विचारतो ते आता सांगतो.

तुझ्या वेळी वायूने पत्रे कापायचं एक रशियन मशिन आलं होतं, आठवतं? शेड बांधायची राहिली म्हणून ते सहा वर्षं खोक्यात पडून होतं. नोव्हेंबरात ते उभं केलं. त्याच्या इंग्रजी माहितीपत्रात लिहिलं होतं की ऑक्सिजनच्या बाटल्या (सिलिंडर) आणि नळी यांच्यामध्ये 'रिड्यूसर' बसवावा. स्टोअरमधून रिड्यूसर मागवला, त्यांनी रिड्यूसर दिला. म्हणजे एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असा पाइपाचा तुकडा. रशियन मूळ कागदात होता 'रेदुक्तर', म्हणजे दाब उतरवणारा रेग्युलेटर. वेल्डरने बाटली उघडली, सगळा दाब थेट नळीत गेला, नळी फुटली. त्याचा डावा डोळा गेला आणि उजवा हात भाजला.

आता चौकशी समिती बसली आहे. साहेबांचं म्हणणं, वेल्डर निष्काळजी. आणि ते सिद्ध करायला त्यांना माझा कोश हवा आहे. कोशात रेदुक्तर म्हणजे रेग्युलेटर असं छापायचं, ते बरोबरच आहे. पण प्रस्तावनेखाली माझी सही आणि तारीख मागच्या ऑक्टोबरची. म्हणजे कोश अपघाताआधीच सगळीकडे वाटला होता, वेल्डरने आणि फोरमनने तो उघडून पाहिला नाही, असं दाखवता येतं. सही केली की त्याच दिवशी माझी प्रमाणपत्रं हातात. तुझ्या पत्राचंही मी विचारलं. ते टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडलं आहे. म्हणाले, "दोन्ही बरोबरच करून टाकू."

माहितीपत्राचं भाषांतर कुणी केलं ते कागदावरून नीट कळत नाही. तुला काही आठवतं का?

ठोंब्या

९ फेब्रुवारी

ठोंब्या,

इतक्या वर्षांपूर्वीचे कागद कुणाला आठवतात? शेकड्याने होते. रेदुक्तर मला आठवत नाही.

तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. तारखेचं काय एवढं? अर्थ तर खराच छापतो आहेस ना? सही कर आणि मोकळा हो. तीन वर्षं त्या खुर्चीत काढलीस, आता आणखी कुणासाठी? त्या वेल्डरला कारखाना काहीतरी हलकं काम देईलच.

माझं पत्र रजिस्टरने पाठव. संस्थेने मार्चअखेरची मुदत दिली आहे.

काठी वाजते आहे. थांबते.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी कार्डं लिहिली नाहीत. नुसता बसून होतो.

रविवारी वेल्डरच्या घरी गेलो. कारखान्याच्या वसाहतीत शेवटची चाळ. दारात त्याची बायको होती. मी शब्दांच्या ऑफिसातला म्हटल्यावर तिने वाट दिली, पण बसा म्हणाली नाही. शेजारणी बोलेनाशा झाल्यात म्हणे. वसाहतीतल्या नळावर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "यांच्या धन्याने शेड उडवली असती, आमचीही माणसं होती तिथे." म्हणून ती पाणी भरायला सगळ्यांच्या नंतर जाते.

तो खाटेवर बसला होता. डोळ्यावर पट्टी, हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्याचाच आहे. पन्नाशीचा माणूस.

म्हणाला, "तुम्ही इंग्रजी वाचता ना? मग त्या कागदात काय होतं ते मला वाचून दाखवा. मला अक्षरं जुळवून वाचता येतं, पण चौकशीवाले इतकं झपझप वाचतात की माझं वाचणं चुकलं का तेच कळत नाही."

त्याच्याजवळची प्रत मी वाचली. "बाटल्या आणि नळी यांच्यामध्ये रिड्यूसर बसवावा."

"मग मी काय वेगळं लावलं?"

मी प्रत त्याला परत दिली.

"मला शंका आली होती," तो म्हणाला. "बावीस वर्षं गॅसवर काम केलंय. फोरमनला म्हटलं, रेग्युलेटर कुठाय? तो म्हणाला, नवीन मशिन आहे, पेटीच्या आतच असेल, कागदात लिहिलंय तसं लाव. मग लावलं. आता फोरमन म्हणतो, असं काही बोलणंच झालं नाही."

निघताना त्याने विचारलं, "हे लिहिलं कुणी? माणूस आहे का अजून?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ताई, मी खोटं बोललो. त्याच्याशीही आणि मागच्या पत्रात तुझ्याशीही. माहितीपत्राची मूळ हस्तलिखित प्रत माझ्या खोक्यात आहे. खाली तुझी आद्याक्षरं आहेत. तुझं ते शेपूट ओढलेलं अक्षर मी शंभरात ओळखीन. समितीला टाइप केलेली प्रत दिली आहे, तिच्यावर कुणाचंच नाव नाही. हस्तलिखित फक्त मी पाहिलं आहे.

ते मी कार्डांच्या तळाशी दाबून ठेवलं आहे. साहेबांना आणखी थोडा वेळ द्या म्हटलं आहे, पण शेवटी सही करीन. तुला जूनमध्ये त्या घरातून दुपारचे चार तास बाहेर पडायचं आहे, ते मी मोडणार नाही. मात्र पुन्हा मला "तारखेचं काय एवढं" असं लिहू नकोस. तेवढं कर माझ्यासाठी.

ठोंब्या

३० मार्च

ठोंब्या,

पाच आठवडे तुला उत्तर नाही. आजारी नव्हते. सुरुवात कुठून करायची ते समजत नव्हतं.

मला आठवत होतं. तुझ्या पहिल्या पत्रात तो शब्द आला तेव्हाच आठवलं. म्हणून तर तीन शब्दांवर गमती लिहिल्या आणि चौथा गाळला.

तो माझा तिथला शेवटचा आठवडा होता. माहितीपत्र शेवटून दुसरं. रेदुक्तर म्हणजे गियरबॉक्स हे मला माहीत होतं, पण वायूच्या बाटलीला गियरबॉक्स कशाला? काहीतरी चुकतंय हे कळत होतं. उठले, इंजिनिअरसाहेबांच्या दारापर्यंत गेले. आत सात-आठ माणसं होती, चहा चालला होता, कुणीतरी हसत होतं. माझ्यावर नव्हे, आपसातच. पण मला पुन्हा ते स्वयंपाकघर आठवलं. मागे फिरले. कानाला तोच शब्द वाटतो म्हणून 'रिड्यूसर' लिहिलं. वाटलं, बसवणाऱ्याला काय ते कळेलच.

बस, एवढंच. दारापासून टेबलापर्यंत वीस पावलं असतील.

मग तू लिहिलंस की डोळा गेला, आणि मी तुला काय लिहिलं? सही कर आणि मोकळा हो. "हलकं काम देतील." ते पत्र परत मागवता आलं असतं तर बरं झालं असतं. तू वेल्डरचं बोलणं लिहिलंस, "माणूस आहे का अजून?" त्यानंतर मला सासूबाईंचं पाणीसुद्धा नीट ओतता येईना. परवा त्याच म्हणाल्या, "काय झालंय तुला? घर सोडून चालली आहेस की काय?" मी म्हटलं, "नाही, आता नाही."

ठोंब्या, मी समितीच्या अध्यक्षांना थेट रजिस्टर पत्र टाकलं आहे. काल. भाषांतर माझं, चूक माझी, शंका होती आणि विचारलं नाही, आणि त्या वेळी कारखान्यात असा कुठलाही कोश नव्हता, हे सगळं स्वच्छ लिहिलं आहे. हस्तलिखित तुझ्याकडे आहे हेही लिहिलं आहे. तू लपवलंस असं लिहिलं नाही. मागतील तेव्हा दे.

तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं.

ताई

८ एप्रिल

ताई,

मला विचारायचं होतंस. एवढंच.

साहेबांनी सकाळी बोलावून तुझं पत्र माझ्यासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकलं. समाधानकारक कामाचं ते. मग म्हणाले, "घरच्या घरीच ठरवलंत वाटतं?" मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते खरं होतं, तरी तोंडातून खोट्यासारखं निघालं.

दुपारी समितीचा माणूस हस्तलिखित घेऊन गेला. मी दिलं. प्रस्तावनेखालची सही आता कुणी मागत नाही. वॉचमन आता जेवायच्या वेळीसुद्धा बरोबर येतो.

तुझा राग आला आहे. कशाचा ते शोधतो आहे. तू केलंस ते मला करता आलं नाही, त्याचाच असावा बहुतेक.

ठोंब्या

१७ मे

ताई,

तुझं उत्तर नाही. मीच तसं लिहिलं होतं, त्यामुळे पुन्हा मीच लिहितो.

समितीचा अहवाल आला. वेल्डरच्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' काढला. लिहिलं आहे, "भाषांतरातील चूक, तिची तपासणी न होणे आणि शंका विचारल्यावर ती उडवून लावणे." फोरमनला अखेर कबूल करावं लागलं की विचारलं होतं. साहेबांच्या केसालाही धक्का लागला नाही. ते समितीपुढे कोशाची कल्पना आपलीच म्हणून सांगत होते. तुझं नाव अहवालात आहे. ते मला बदलता आलं नाही.

माझी सुटका तर आता विसरायचीच. समितीचा हुकूम निघाला: तीन हजार सहाशे कार्डांतलं प्रत्येक कार्ड जागेवर जाऊन, वस्तू डोळ्यांनी बघून पुन्हा तपासायचं. हुकूम चांगला आहे, मीही हाच काढला असता. पण वर्ष जाईल, कदाचित दोन. प्रमाणपत्रं कपाटातच. आणि कार्डं खोलीबाहेर न्यायची नाहीत, म्हणून बाहेर जाऊन बघायचं, लक्षात ठेवायचं आणि परत कुलपात येऊन लिहायचं.

लक्षात ठेवायला मला एक माणूस दिला आहे. सांग कोण? वेल्डर. हाताने आता वेल्डिंग होत नाही, म्हणून त्याला "कोशकार्यालयात मदतनीस" नेमलं. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर बसला, खोली बघितली, बाहेरून कुलूप लागलं ते ऐकलं. म्हणाला, "तुम्हाला काय झालं होतं?"

ताई, मला हसू आवरेना. तोही हसला. 

माणूस फार उपयोगी आहे. मी इंग्रजी वाचतो, रशियन वाचतो, आणि तो सांगतो, "या नॉझलला खाली शेडमध्ये 'नाकाडं' म्हणतात." आता प्रत्येक कार्डावर तिसरी ओळ सुरू केली आहे, कामगार काय म्हणतात त्याची. साहेबांना अजून दाखवलेली नाही.

काल मी त्याला सांगितलं की ते लिहिणारी माझी बहीण. अहवालातलं नाव त्याने वाचलं असेलच, पण नातं माहीत नव्हतं. तो कार्डांचा गठ्ठा डाव्या हाताने सरळ करत राहिला. मग म्हणाला, "लिहून घ्या, बाईंना पाठवा." त्याने सांगितलं तसंच देतो:

"बाई, राग आहे. तो जाणार नाही, आणि गेला असं मी खोटं सांगणार नाही. पण तुम्हाला कुणी विचारायला आलं नव्हतं, तरी तुम्ही सांगितलंत. माझी बायको आता सकाळी सगळ्यांबरोबर नळावर जाते. एवढं कळवायचं होतं."

संस्थेचं काय झालं? मला कळलंच पाहिजे.

ठोंब्या

२६ मे

ठोंब्या,

संस्थेचं पत्र आलं. "तूर्त नेमणूक करता येत नाही." मुलाखतीत मला बसा म्हणणाऱ्या बाईंनीच सही केली आहे. नणंदेला कळवलं की यायचं कारण नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. तुझे भावोजी म्हणाले, "मी आधीच सांगत होतो." काय सांगत होते ते मी विचारलं नाही.

वेल्डरनी पाठवलेलं सांगणं मी ओट्याशी उभी राहून वाचलं. काठी वाजत होती, गेले नाही. मग सासूबाईंनी हाक मारली, तेव्हा जाऊन सगळं सांगितलं. पहिल्यापासून, दारातून मागे फिरले तेही.  ऐकून त्या म्हणाल्या, "तो कागद मलाही वाचून दाखव." दाखवला. दोनदा वाचायला लावला. आणि त्या दुपारी काठी एकदाही वाजली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा होतं तसंच.

वेल्डरना उत्तर लिहायला चार वेळा बसले आणि चार वेळा फाडलं. माफी मागायला गेले की वाक्य आपोआप मलाच कुरवाळायला लागतं. म्हणून त्यांना आता काही लिहीत नाही. तुलाच एक काम सांगते.

कोशात रेदुक्तरच्या कार्डावर बरोबर अर्थ लिहून झाल्यावर खाली एक ओळ जागा सोड. तिथे लिही: "याचे भाषांतर 'रिड्यूसर' करू नये. एकदा केले गेले आहे." आणि पुढे कंसात माझी आद्याक्षरं घाल. ती दोन्ही, शेपटासकट. साहेब खोडतील, तू परत लिही. उद्या दुसरी एखादी मुलगी त्या खुर्चीत बसेल, त्या शब्दापाशी अडेल, उठून दारापर्यंत जाईल. तिला मागे फिरावंसं वाटलं तर निदान तिच्या हातात ते कार्ड असावं.

मग वेल्डरना ते कार्ड वाचून दाखव. हळू वाच. अक्षरं जुळवायला वेळ दे.

ताई